म्हाताऱ्या माणसांच्या घरातली उष्णता अडवताना या चुका टाळा

मार्च उजाडला की सांगली-मिरजेत, आणि जत, आटपाडी, माण, खटावच्या वाड्यावस्त्यांवर एकच तक्रार ऐकू येते: दिवस कसाबसा निघतो, पण रात्री घरात झोप लागत नाही. सांगणारे बहुतेक सत्तरीच्या आसपासचे असतात. मुलं पुण्या-मुंबईला, घर जुनं, आणि हातात श्रावणबाळ योजनेचे महिना १५०० रुपये किंवा कारखान्यातून निवृत्त झाल्यावर मिळणारी ईपीएस-९५ ची (कर्मचारी पेन्शन योजनेची) तुटपुंजी पेन्शन. अशा घरात पैसा एकदाच खर्च होतो, म्हणून तो योग्य जागी पडायला हवा.

सर्वांत मोठी चूक म्हणजे आधी आतून उपाय करणं. नवा कूलर घेतला जातो किंवा मुलगा सुट्टीला आला की पीओपीचं सीलिंग मारून देतो. पण आपल्याकडे ऊन भिंतींपेक्षा छतावर जास्त पडतं. मेच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात सांगली आणि साताऱ्यात सूर्य दुपारी बरोबर डोक्यावर येतो, यालाच शून्य सावली दिवस म्हणतात. स्लॅब दिवसभर ही उष्णता पिऊन घेतो आणि मध्यरात्रीपर्यंत खाली सोडत राहतो. पंखा तीच गरम हवा फिरवतो. सीलिंगने थोडा फरक पडतो, पण वरचा स्लॅब तापायचा थांबत नाही, शिवाय गळती झाकली जाते आणि कळते तेव्हा सळ्या गंजलेल्या असतात. ऊन छताच्या वरच अडवायला हवं.

वरून अडवायचा सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे पांढरा चुना. अहमदाबादने २०१७ पासून गरीब वस्त्यांतली छतं पांढरी करण्याचा कार्यक्रम घेतला. अशा छतांमुळे घरातलं तापमान साधारण २ ते ५ अंशांनी उतरतं. रात्री तळमळणाऱ्या माणसाला एवढा उतारही खूप असतो. तरीही “चुना लावला, काही उपयोग झाला नाही” असं सांगणारे भेटतात. त्यांच्या छतावर जाऊन पाहिलं की कारण दिसतं. शेवाळ आणि धुळीवरच चुना फासलेला असतो, तो पापुद्रे धरून निघतो. किंवा चुना इतका पातळ असतो की खालचा राखाडी रंग दिसत राहतो. किंवा काम मे महिन्यात होतं, म्हणजे निम्मा उन्हाळा संपल्यावर, आणि पहिल्याच वळवाने निम्मा चुना पन्हाळीतून वाहून जातो.

नीट करायचं तर फेब्रुवारीअखेर करा. आधी तारेच्या ब्रशने घासून छत धुवा, भेगा बुजवा, गळती असेल तर ती थांबवा. चुना आदल्या दिवशी भिजवून गाळून घ्या, त्यात फेविकॉलसारखा चिकट पदार्थ मिसळा, छत थोडं ओलं करा आणि ऊन उतरल्यावर दोन-तीन हात द्या. पावसाळ्यानंतर छत काळवंडतं, त्यामुळे हे काम दरवर्षीचं आहे. ज्यांना दरवर्षी माणूस मिळत नाही त्यांनी कूल रूफ पेंटचा, म्हणजे ऊन परतवणाऱ्या छताच्या रंगाचा, विचार करावा. घेताना डब्यावर एसआरआय हा आकडा पाहा, पृष्ठभाग उन्हात किती कमी तापतो याचं ते माप आहे. या मोजमापात काळ्या पृष्ठभागाला ० आणि पांढऱ्याला १०० धरलेलं असतं, म्हणून आकडा १०० च्या जवळ किंवा वर हवा. नुसता ‘हीटप्रूफ’ असं लिहिलेला स्वस्त रंग घेऊ नका.

आणि कृपा करून आजोबांनी स्वतः वर चढू नये. भिजवलेला चुना डोळ्यात गेला तर गंभीर इजा होते, आणि या वयात शिडीवरून पडणं म्हणजे खुब्याचं हाड. गल्लीतल्या चार घरांनी मिळून एकच रंगारी लावला तर मजुरी परवडते.

पत्र्याच्या घरात

पत्र्यावर चुना टिकत नाही. गंज घासून, प्रायमर मारून पांढरा रंग द्यावा लागतो. जुना सिमेंटचा पत्रा असेल तर तो घासू नका, भोकं पाडू नका, कापू नका. त्यात अ‍ॅसबेस्टॉस असू शकतं आणि त्याची धूळ फुफ्फुसांना घातक असते.

पत्र्याखाली उघडं थर्माकोल लावायची पद्धत मला फार धोक्याची वाटते. थर्माकोल उष्णता चांगली अडवतं, यात शंका नाही. पण चूल किंवा गॅस त्याच खोलीत असतो, आणि थर्माकोल पेटलं की वितळून खाली टपकतं व काळा विषारी धूर करतं. गुडघे धरलेल्या माणसाला तेवढ्यात बाहेर पडता येत नाही. चकाकणारी बबल शीट लावणार असाल तर ती पत्र्याला चिकटवू नका, मध्ये निदान इंचभर हवेची जागा ठेवा. चकाकी उष्णता परतवते ती त्या मोकळ्या जागेमुळेच.

वाळवा, कराडच्या ऊसपट्ट्यात पत्र्यावर पाचट (उसाची वाळलेली पानं) टाकतात. गारवा मिळतो, पण शेजारच्या फडातलं पाचट पेटवलं की एक ठिणगी पुरते. त्यापेक्षा द्राक्षबागायतदारांकडून किंवा शेतीच्या दुकानातून शेडनेट आणा. ते पत्र्यावर अंथरू नका, दोन-तीन फूट वर ताणून बांधा, म्हणजे खालून हवा खेळते. दोर पक्के हवेत, नाहीतर वळवाचा वारा नेटसकट पत्रा उचलतो.

जुन्या छतावर ओझं

गवंडी ब्रिकबॅट कोबा, म्हणजे विटांच्या तुकड्यांचा थर, सुचवतात. तो चांगला असतो, पण चार इंचांचा कोबा चारशे चौरस फुटांवर सहा-सात टन वजन टाकतो. स्लॅब तीस-चाळीस वर्षांचा आणि सळ्या दिसू लागलेल्या असतील तर इंजिनिअरने पाहिल्याशिवाय होकार देऊ नका.

माण, जतकडे अजून पांढऱ्या मातीची माळवदं (लाकडावर माती टाकून केलेली सपाट छतं) आहेत. ती पाडून पत्रा टाकणं ही मला सर्वांत वाईट वाटणारी चूक. तो जाड मातीचा थरच उष्णता अडवतो. लाकूड शाबूत असेल तर गळती काढून मातीचा नवा थर द्या.

पाटण, जावळीकडे

साताऱ्याच्या या डोंगरी, पावसाळी भागात अडचण थंडीची आणि ओलीची. छताखाली लावायचं ग्लासवूल (काचेच्या तंतूंची लोकर) ओलं झालं की निकामी होतं, म्हणून आधी कौलं नीट करा. दारं-खिडक्यांच्या फटी बुजवल्या की खोलीत शेगडी ठेवून झोपू नका. कोळशाच्या वायूला वास नसतो आणि झोपेतच जीव जातो.

पैशाची वाट पाहताना

घरकुलाचे पैसे कच्च्या घराच्या जागी पक्कं घर बांधण्यासाठी आहेत, स्लॅबच्या दुरुस्तीसाठी नाहीत. मुख्यमंत्री वयोश्री योजनेचे ३००० रुपये चष्मा, काठी, श्रवणयंत्र अशा साधनांसाठी आहेत. “सरकारी योजनेतून छत करून देतो” म्हणून कोणी ओटीपी किंवा आगाऊ पैसे मागितले तर देऊ नका, आधी ग्रामपंचायतीत जाऊन विचारा. ज्येष्ठांच्या अडचणींसाठी १४५६७ हा मोफत क्रमांक आहे. तोवर पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून गोणपाट किंवा ताडपत्री लावा, दुपारी खिडक्या बंद ठेवा, रात्री जाळी लावून उघडा. घाम थांबून अंग तापलं किंवा म्हातारं माणूस बरळू लागलं तर घरगुती उपाय करत बसू नका, अंगावर ओलं कापड टाकून लगेच १०८ ला फोन करा.