ओळंबा झुलवून पृथ्वीची ओढ मोजताना

विज्ञान प्रदर्शन जवळ आलं की मुलं विचारतात, "बाई, कोणतं मॉडेल करू?" मी पोलादपूरच्या बाजूला, आंबेनळी घाटाच्या पायथ्याशी नववी-दहावीला विज्ञान शिकवते. माझं उत्तर ठरलेलं असतं: मॉडेल नको, एक आकडा शोधून आण. थर्माकोलचा ज्वालामुखी दुकानात तयार मिळतो. पृथ्वी आपल्याला किती ओढते, हे मात्र स्वतःच मोजावं लागतं. त्यासाठी दोरा, वजन आणि मोबाईलमधलं स्टॉपवॉच पुरतं.

आमच्याकडे वजन म्हणून गवंड्याचा ओळंबा असतो. पहिला ओळंबा एका मुलीने वडिलांच्या हत्यारांच्या पिशवीतून आणला होता. दोरा गोधडी शिवायचा, जाड सुती घ्या. नायलॉनचा ताणला जातो. वरचं टोक नुसतं खिळ्याला गुंडाळू नका. झुलताना दोरा खिळ्याभोवती वळतो आणि लांबी बदलत राहते. दोन लाकडी पट्ट्यांमध्ये दोरा घट्ट दाबा आणि पट्ट्या दाराच्या चौकटीला पक्क्या बांधा. लांबी पट्टीच्या खालच्या कडेपासून ओळंब्याच्या मध्यापर्यंत मोजायची.

आता दोरा १ मीटर ठेवा. ओळंबा जेमतेम १० सेंटीमीटर बाजूला ओढा आणि सोडून द्या, ढकलू नका. मागच्या भिंतीवर ओळंब्याच्या सरळ रेषेत खडूची खूण करा. ओळंबा खुणेवरून जाताना स्टॉपवॉच दाबायचं. तो जाऊन परत येऊन पुन्हा त्याच दिशेने खुणेवरून गेला की एक हेलकावा. टोकाला तो क्षणभर रेंगाळतो, तिथे नेमका क्षण सापडत नाही. एका हेलकाव्याची वेळ घेऊ नका, बोटाची चूकच मोठी होते. २० हेलकाव्यांची वेळ घ्या, म्हणजे ती चूक वीस जणांत वाटली जाते. असं तीनदा करा. मग ८०, ६० आणि ४० सेंटीमीटरला पुन्हा.

१ मीटरला २० हेलकावे साधारण ४०.२ सेकंदांत व्हायला हवेत. दोन वर्षांपूर्वी एका गटाला तिन्ही वेळा ३८.२ मिळाले. त्यावरून गुरुत्वीय त्वरण, म्हणजे पृथ्वीच्या ओढीचा आकडा (मीटर प्रति सेकंद वर्ग), आलं १०.८. पुस्तकात ९.८ आहे, म्हणून एकाने खोडरबर काढलं. मी त्याचा हात धरला. तीनदा तोच आकडा येतोय, म्हणजे ओळंबा काहीतरी सांगतोय. "मोठ्याने मोज बघू," म्हटलं. स्टॉपवॉच दाबता दाबता तो म्हणाला, "एक!" सगळ्यांच्या एकदम लक्षात आलं. सुरुवातीला 'शून्य' म्हणायला हवं होतं. हेलकावे १९ च झाले होते. ३८.२ ला १९ ने भागलं आणि उत्तर आलं ९.७७. तो खोडू पाहिलेला आकडा वहीत अजून तसाच आहे, शेजारी कारण लिहून. माझ्या मते त्या वहीतलं सगळ्यात मोलाचं पान तेच. म्हणून प्रयोगाची वही पेनाने लिहा आणि चुकलेल्यावर फक्त एक आडवी रेघ मारा.

गणित असं: २० हेलकाव्यांच्या वेळेला २० ने भागलं की एका हेलकाव्याचा काल मिळतो. त्याचा वर्ग करा. आलेखात आडवी लांबी, उभा हा वर्ग. बिंदू सरळ रेषेत येतात. दर मीटरला वर्ग जितका वाढतो, त्याने ३९.५ ला (म्हणजे ४π² ला) भागा, की गुरुत्वीय त्वरण मिळतं. ओळंबा आणणाऱ्या मुलीची रेषा मात्र शून्यातून जाईना. मागे वाढवली तर ती लांबीच्या अक्षाला शून्याच्या ३ सेंटीमीटर डावीकडे छेदत होती. तिने लांबी ओळंब्याच्या मध्यापर्यंत नाही, वरच्या गाठीपर्यंत मोजली होती! रेषेचा चढ यामुळे बिघडत नाही, त्यामुळे उत्तर बरोबरच होतं. ती कितीतरी वेळ आलेखाकडे बघत राहिली.

इथवर आलात की प्रश्न आपोआप सुचतात. ओळंब्याला दुसरा ओळंबा बांधला तर? (मध्य हलणार नाही असा बांधा.) ४५ अंशांपर्यंत ओढला तर? करून बघा, १ मीटरला २० हेलकाव्यांमागे दीड सेकंदाच्या आसपास जास्त लागतो. आमच्या मुलांना ओळंबा घेऊन महाबळेश्वरला जायचं होतं, उंचावर ओढ कमी होते म्हणून. एस.टी.त बसण्याआधी हिशेब करायला लावला. घाट चढून सुमारे १३०० मीटर वर गेलं तरी ४० सेकंदांत पडणारा फरक सेकंदाच्या शंभराव्या भागाहून कमी. आपलं बोट तो पकडू शकत नाही. मग कोण पकडू शकेल? दिवसभर चालणारं लंबकाचं घड्याळ, कारण तिथे तोच फरक हजारो हेलकावे साठत जातो.

वाचायला सुरुवात इथूनच करा. १६७२ मध्ये फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जाँ रिशे विषुववृत्ताजवळच्या केयेनला गेला, तेव्हा पॅरिसमध्ये बरोबर चालणारं घड्याळ तिथे दिवसाला सुमारे अडीच मिनिटं मागे पडू लागलं. पृथ्वी ध्रुवांपाशी चपटी आहे, याचा तो एक पुरावा ठरला. भारतात १८६५ पासून ब्रिटिश सर्वेक्षण अधिकारी कॅप्टन बसेवी लंबक घेऊन ठिकठिकाणी ओढ मोजत हिंडले आणि १८७१ मध्ये त्याच कामात लडाखच्या उंचावर वारले. हे सांगितलं की वर्ग एकदम शांत होतो. मराठी विश्वकोश इंटरनेटवर फुकट आहे, त्यात 'लंबक' आणि 'गुरुत्वाकर्षण' शोधा. अरविंद गुप्ता यांच्या संकेतस्थळावर विज्ञानाची मराठी पुस्तकंही मोफत मिळतात. मात्र आधी मोजा, मग वाचा. स्वतःचा आकडा हातात असला की दुसऱ्याचा आकडा वाचताना डोळे वेगळेच उघडतात.

मे महिन्यात आंब्याच्या फांदीला झोका बांधाल, तेव्हा हेही करा. बसून १० हेलकाव्यांची वेळ घ्या. समजा ३१ सेकंद लागले, म्हणजे एकाला ३.१. दर मीटरला वर्ग सुमारे चारने वाढतो, म्हणून वर्ग करून चारने भागा: २.४ मीटर. फांदीपासून तुमच्या पोटापर्यंतचं हे अंतर झालं, साधारणपणे. झाडावर चढायची गरज पडली नाही. मग झोक्यावर उभे राहा, पुन्हा १० मोजा आणि दोन्ही आकडे वहीत शेजारी-शेजारी लिहा.