डायनासोरच्या खेळण्यांचा संग्रह कसा करावा आणि त्यांतला चित्रपट कसा ओळखावा

डायनासोरचे कोणतेही खेळणे हातात घेतले, की त्यात दोन प्राणी एकत्र नांदत असतात. एक कोट्यवधी वर्षांपूर्वी जगलेला, ज्याची हाडे दगडात सापडली. दुसरा पडद्यावर गर्जना करणारा, जो आपल्यापैकी बहुतेकांनी सांगाडा पाहण्याच्या कितीतरी आधी पाहिला. साचा घडवणाऱ्या कारागिराने या दोघांपैकी कोणाचे किती ऐकले, हे खेळण्याच्या हाता-पायांवर, शेपटीवर आणि कातडीवर उमटलेले असते. ते वाचता आले, तर कपाटातली रांग म्हणजे माणसाच्या मनातल्या डायनासोरचा इतिहास ठरते. माझ्या मते संग्रह करण्याचे खरे कारण हेच आहे, आणि पुढील पायऱ्या त्याच हेतूने मांडल्या आहेत.

पायरी १ : संग्रहाचे सूत्र ठरवा

दिसेल ते खेळणे घेत गेल्यास वर्षभरात जागा संपते आणि संग्रहाला आकार येत नाही. म्हणून आधी सूत्र ठरवावे. एकाच कंपनीची मालिका, एकाच चित्रपटाची खेळणी किंवा एकाच भूवैज्ञानिक काळातील प्राणी, यांपैकी काहीही चालेल. परंतु नवख्या संग्राहकाला मी एकच प्राणी निवडून त्याची निरनिराळ्या दशकांतील रूपे जमवण्याचा सल्ला देईन. टायरानोसॉरस, म्हणजेच प्रसिद्ध टी-रेक्स, यासाठी सर्वांत सोयीचा आहे, कारण तो प्रत्येक पिढीत घडवला गेला आहे. न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीने १९१५ मध्ये त्याचा सांगाडा ताठ उभा आणि शेपूट जमिनीवर टेकलेली असा मांडला होता. पुढे अनेक दशके खेळणीही त्याच ढंगाने उभी राहिली. १९९० च्या दशकात संग्रहालयाने तो सांगाडा पाठ आडवी आणि शेपूट हवेत तोललेली असा नव्याने उभारला. त्यामुळे ताठ उभे असलेले आणि पाठ आडवी असलेले अशी दोन खेळणी शेजारी ठेवली, तरी एक मोठा वैचारिक बदल नजरेस पडतो.

पायरी २ : कोणत्या चित्रपटाने काय दिले, याची उजळणी करा

हा अभ्यास फार लांबलचक नाही, पण तो खरेदीच्या आधी व्हायला हवा. १९१४ मध्ये विन्सर मॅके यांनी रेखाटलेली गर्टी ही खोडकर, लाडिक डायनासोर पडद्यावर आली. १९२५ च्या ‘द लॉस्ट वर्ल्ड’ आणि १९३३ च्या ‘किंग काँग’ या चित्रपटांत विलिस ओब्रायन यांनी लहान मॉडेले चौकटीगणिक किंचित हलवून डायनासोर जिवंत केले, आणि झुंज देणारा अजस्र पशू ही प्रतिमा रुजली. १९४० च्या ‘फँटेशिया’मध्ये टायरानोसॉरस आणि स्टेगोसॉरस यांची लढाई आहे. प्रत्यक्षात स्टेगोसॉरस सुमारे १५ कोटी वर्षांपूर्वी जगला, तर टायरानोसॉरस ६ कोटी ८० लाख ते ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी. म्हणजे त्या दोघांमधील अंतर टायरानोसॉरस आणि आपण यांच्यातील अंतरापेक्षा मोठे आहे. तरीही ही जोडी खेळण्यांच्या एकाच पुडक्यात आजही सापडते. १९६६ च्या ‘वन मिलियन इयर्स बी.सी.’ने गुहेतली माणसे आणि डायनासोर यांना समकालीन करून टाकले, आणि तो गैरसमज अजूनही पूर्ण गेलेला नाही.

यानंतरचे वळण चित्रपटगृहात आले नाही, विज्ञानात आले. १९६९ मध्ये जीवाश्मशास्त्रज्ञ जॉन ऑस्ट्रम यांनी डायनोनिकस या चपळ शिकारी डायनासोरचे वर्णन प्रसिद्ध केले आणि सुस्त, थंड रक्ताच्या अवाढव्य सरड्याची कल्पना डळमळू लागली. ही नवी, वेगवान प्रतिमा सामान्य प्रेक्षकापर्यंत पोहोचवली ती १९९३ च्या ‘ज्युरासिक पार्क’ने. या चित्रपटाला केवळ चुकांसाठी दोष देणे मला अन्यायाचे वाटते. शेपूट उचलून धावणारा, पाठ आडवी ठेवणारा टायरानोसॉरस लाखो मुलांनी प्रथम तिथेच पाहिला. मात्र त्याच चित्रपटाने काही गोष्टी इतक्या घट्ट बसवल्या, की नंतरचे शोध त्यांना हलवू शकलेले नाहीत. त्या कोणत्या, हे पुढच्या पायरीत पाहू.

पायरी ३ : खेळणे अवयवागणिक वाचा

खेळणे विकत घेण्यापूर्वी किंवा संग्रहात मांडण्यापूर्वी ते उजेडात धरून पुढील क्रमाने पाहावे.

सुरुवात हातांपासून करावी. टायरानोसॉरसच्या हाताला दोन बोटे होती. तीन बोटे दिसली, तर जुन्या चित्रांचा किंवा ‘फँटेशिया’सारख्या चित्रपटाचा वारसा समजावा. त्याहून बोलका पुरावा तळहातांचा असतो. दोन पायांवर चालणाऱ्या मांसाहारी डायनासोरांना तळहात जमिनीकडे वळवता येत नसत. टाळी वाजवण्याआधी आपले हात जसे समोरासमोर असतात, तसे त्यांचे तळहात असत. खेळण्यातील रॅप्टरचे (डायनोनिकससारख्या चपळ शिकारी डायनासोरचे) पंजे पियानो वाजवणाऱ्यासारखे खाली वळलेले असतील, तर तो पडद्यावरून उतरला आहे, असे बहुधा निश्चित मानता येते.

मग कातडी पाहावी, आणि इथे व्हेलॉसिरॅप्टरची गोष्ट समजून घेणे आवश्यक आहे. मंगोलियात सापडलेला खरा व्हेलॉसिरॅप्टर शेपटीसह सुमारे २ मीटर लांब होता, आणि त्याची कंबर माणसाच्या गुडघ्याच्या आसपास आली असती. चित्रपटातील माणसाएवढा उंच प्राणी प्रत्यक्षात डायनोनिकसच्या जवळचा आहे. १९८८ मधील एका पुस्तकाने डायनोनिकसला व्हेलॉसिरॅप्टर याच प्रजातीत घातले होते, मायकल क्रायटन यांच्या १९९० च्या कादंबरीने ते नाव स्वीकारले आणि चित्रपटाने ते जगभर नेले. पुढे १९९६ मध्ये चीनमधून सायनोसॉरोप्टेरिक्स या पिसांसारखे तंतू असलेल्या डायनासोरची माहिती प्रसिद्ध झाली. २००७ मध्ये तर व्हेलॉसिरॅप्टरच्या हाताच्या हाडावरच, पक्ष्यांच्या पंखांत जिथे मोठी पिसे रुजतात तशा उंचवट्यांची रांग आढळली. म्हणजे उघड्या, खवलेदार कातडीचा रॅप्टर १९९३ च्या आधी घडवला असेल, तर तो आपल्या काळातील ज्ञानाशी प्रामाणिक आहे; २००७ नंतर घडवला असेल, तर तो चित्रपटाशी प्रामाणिक आहे. दोन्ही संग्रहात ठेवण्याजोगे आहेत, पण त्यांची जागा एक नाही.

टायरानोसॉरसच्या कातडीचा प्रश्न याहून नाजूक आहे. २०१२ मध्ये युटायरानस या त्याच्या सुमारे ९ मीटर लांबीच्या, पिसे असलेल्या नातलगाचे वर्णन झाले, आणि त्यानंतर अंगभर पिसे असलेले टायरानोसॉरसही खेळण्यांत दिसू लागले. २०१७ मध्ये खुद्द टायरानोसॉरसच्या मानेच्या, कंबरेच्या आणि शेपटीच्या कातडीचे ठसे अभ्यासले गेले, तेव्हा त्यांवर बारीक खवले आढळले. त्यामुळे पिसांनी पूर्ण झाकलेला टायरानोसॉरस ही अल्पायुषी कल्पनेची खूण आहे, आणि असे खेळणे मिळाले तर ते अवश्य घ्यावे. २०२३ च्या एका अभ्यासानुसार अशा शिकारी डायनासोरांचे दात मिटलेल्या तोंडाबाहेर लोंबत नसून सरड्यासारख्या ओठांनी झाकलेले असावेत. तोंड बंद असलेले नवे खेळणे असेल, तर तेही तपासावे.

डायलोफोसॉरसबाबत नियम सोपा आहे. डोक्यावरचे दोन तुरे खरे आहेत. मानेभोवती उघडणारी झालर आणि विषाची पिचकारी यांचा जीवाश्मांत काहीही पुरावा नाही; शिवाय खरा प्राणी ६ ते ७ मीटर लांब होता, चित्रपटातल्याइतका बुटका नव्हता. झालर दिसली, की त्या खेळण्याचे मूळ ‘ज्युरासिक पार्क’ आहे यात शंका उरत नाही.

स्पायनोसॉरस वर्षागणिक इतका बदलला आहे, की एकट्या त्याचाही सुरेख संग्रह होऊ शकेल. २००१ च्या ‘ज्युरासिक पार्क ३’मध्ये तो लांब पायांचा, जमिनीवर टायरानोसॉरसला हरवणारा आहे. २०१४ च्या संशोधनाने त्याचे मागचे पाय आखूड ठरवले, आणि २०२० मध्ये त्याची शेपूट वल्ह्यासारखी उंच आणि चपटी असल्याचे दिसून आले. पाय आणि शेपूट एवढे पाहिले, तरी खेळण्याचा काळ ढोबळ मानाने सांगता येतो.

लांब मानेच्या शाकाहारी डायनासोरांच्या पुढच्या पायांना हत्तीसारखी नखांची रांग दाखवलेली असते. प्रत्यक्षात बहुतेकांच्या पुढच्या पायाला केवळ अंगठ्याची एकच नखी होती. उडणारा टेरानोडॉन, समुद्रात राहणारा मोसासॉरस आणि पाठीवर शीड असलेला डायमेट्रोडॉन हे मुळात डायनासोर नाहीत, आणि डायमेट्रोडॉन तर सस्तन प्राण्यांच्या शाखेशी जवळचा आहे. त्यांना संग्रहातून वगळावे असे मी म्हणणार नाही, पण त्यांची फळी वेगळी ठेवावी.

चित्रपटांपूर्वीही प्रतिमेची सत्ता होतीच. १८५४ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेस उद्यानात वॉटरहाउस हॉकिन्स यांनी घडवलेल्या इग्वानोडॉन या डायनासोरच्या नाकावर शिंग आहे. १८७८ मध्ये बेल्जियममधील बर्निसार येथील खाणीत या प्राण्याचे सांगाडे मोठ्या संख्येने सापडू लागले, आणि ते शिंग प्रत्यक्षात अंगठ्याचा काटा असल्याचे स्पष्ट झाले.

पायरी ४ : पोटाखालची अक्षरे वाचा

कंपनीचे नाव, देश आणि साल ही माहिती बहुधा पोटावर, मांडीच्या आत किंवा तळपायावर कोरलेली असते, भिंग वापरावे. येथे एक सावधगिरी बाळगावी : कोरलेले साल साच्याच्या हक्काचे असते, आणि त्याच साच्यातून पुढे अनेक वर्षे उत्पादन होऊ शकते. केनर कंपनीच्या १९९३ च्या चित्रपट-खेळण्यांवर ‘जेपी’ ही अक्षरे आणि क्रमांक असतो. संग्रहालयांच्या सहकार्याने निघालेल्या मालिकांपैकी इन्व्हिक्टा कंपनीची मालिका लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमसाठी १९७४ पासून निघाली, तर सफारी कंपनीची कार्नेगी मालिका १९८८ ते २०१५ या काळात चालली. चित्रपटाचा आणि संग्रहालयाचा डायनासोर यांची तुलना करायची असेल, तर केनर आणि कार्नेगी यांची १९९० च्या दशकातील खेळणी समोरासमोर ठेवण्यासारखा दुसरा धडा नाही.

पायरी ५ : प्रमाण जुळवा

चित्रपटाने आकारांची जी गल्लत केली, ती प्रमाणाचे गणित मांडले की लगेच उघडी पडते. १:४० हे प्रमाण धरल्यास १२ मीटरचा टायरानोसॉरस ३० सेंटिमीटरचा, ८ मीटरचा ट्रायसेराटॉप्स २० सेंटिमीटरचा आणि व्हेलॉसिरॅप्टर अवघा ५ सेंटिमीटरचा होतो. खेळणे मोजताना नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत, पाठीच्या वळणावरून दोरा लावून मापावे. सरळ पट्टीने मोजल्यास वळलेल्या शेपटीची लांबी हरवते. सर्व खेळणी एकाच प्रमाणात मिळणे कठीण असते, म्हणून प्रत्येकाचे प्रमाण निदान नोंदवून ठेवावे.

पायरी ६ : जपणूक

बहुतेक खेळणी मऊ पीव्हीसी प्लास्टिकची असतात. ऊन लागल्यास रंग उडतो आणि उष्णतेने पाय वाकतात, त्यामुळे दोन पायांवरचे शिकारी प्राणी हळूहळू पुढे कलंडतात. वाकलेला पाय गरम, पण उकळता नसलेल्या पाण्यात थोडा वेळ धरावा, मऊ झाल्यावर सरळ करावा आणि त्याच स्थितीत थंड पाण्यात बुडवावा. जुन्या पीव्हीसीतील मऊपणा आणणारे द्रव्य पृष्ठभागावर येऊन खेळणे चिकट होते. कोमट पाणी आणि सौम्य साबण यांनी ते पुसावे. मऊ आणि कडक प्लास्टिकची खेळणी एकमेकांना चिकटवून ठेवू नयेत, कारण तेच द्रव्य कडक प्लास्टिक विरघळवू शकते. आवाज करणाऱ्या खेळण्यांतील बॅटरी काढून ठेवावी. जुन्या रंगांत शिसे असू शकते, म्हणून पुरातन खेळणी लहान मुलांच्या हाती देऊ नयेत.

पायरी ७ : प्रत्येक खेळण्याची चिठ्ठी लिहा

चिठ्ठीवर प्राण्याचे नाव, कंपनी, साच्यावरील साल, लांबी आणि प्रमाण एवढे असावेच. त्याखाली दोन रकाने आखावेत. पहिल्यात सांगाड्यावरून आलेली लक्षणे लिहावीत, दुसऱ्यात पडद्यावरून आलेली. १९९३ च्या एखाद्या रॅप्टरच्या चिठ्ठीवर पहिल्या रकान्यात ‘मागच्या पायाची उचललेली विळ्यासारखी नखी, ताठ शेपूट’ असे येईल, आणि दुसऱ्यात ‘खाली वळलेले तळहात, उघडी कातडी, डायनोनिकसचा आकार’ असे. तिसरा रकाना कोरा सोडावा. नवा जीवाश्म सापडला किंवा जुन्या जीवाश्माचा नवा अर्थ लागला, की तो तारखेसह तिथे लिहायचा असतो.