जुन्या जावाचा इग्निशन स्विच बदलताना या चुका टाळा

दरवर्षी जुलैच्या दुसऱ्या रविवारी जावा-येझदी मोटरसायकलींचे प्रेमी आपापल्या गाड्या घेऊन एकत्र जमतात, आणि त्याच्या आदल्या आठवड्यात मला ठरलेला फोन येतो : "काका, नवा स्विच टाकला, तरी गाडी चालू होत नाही." म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्याचे उत्पादन 1996 मध्ये थांबले. तिथे तयार झालेल्या सहा व्होल्टच्या गाड्यांची वायरिंग मी बरीच वर्षे करत आलो आहे, आणि माझा अनुभव असा की बदललेल्या दहा स्विचांपैकी निम्म्याहून अधिक स्विच बदलण्याची गरजच नव्हती.

स्विचला हात लावण्यापूर्वी त्याचे काम समजून घेतले पाहिजे. डायनॅमो (इंजिनावर फिरून बॅटरी चार्ज करणारे यंत्र) असलेल्या या गाड्यांत ठिणगीसाठी लागणारा करंट बॅटरीतून येतो. तो फ्यूजमधून हेडलाइटच्या घरातल्या स्विचच्या 30 क्रमांकाच्या टर्मिनलवर जातो, किल्ली लावल्यावर 15 क्रमांकावर येतो, तिथून ठिणगीसाठी दाब वाढवणाऱ्या कॉइलमध्ये आणि पुढे सीबी पॉइंटमधून, म्हणजे इंजिनाबरोबर उघडमीट होणाऱ्या संपर्कांतून, चेसिसवर पोहोचतो. म्हणजे इथला स्विच करंट देण्याचे काम करतो. मॅग्नेटो किंवा सीडीआय या ठिणगीच्या वेगळ्या पद्धती असलेल्या अनेक गाड्यांत नेमके उलट असते. तिथे किल्ली बंद केल्यावर स्विच ठिणगीची वायर अर्थ करून, म्हणजे चेसिसला जोडून, इंजिन थांबवतो. "कुठल्याही गाडीला चालतो" असे सांगून विकला जाणारा स्विच घेण्यापूर्वी तो यांपैकी कोणत्या जातीचा आहे हे मल्टिमीटरने तपासा. माझ्यापुरते सांगायचे तर तसला स्विच मी जावाला लावतच नाही, कारण त्याच्या आतले संपर्क या गाडीच्या करंटसाठी फार नाजूक असतात.

मोजल्याशिवाय स्विचला दोषी धरणे

या चुकीवर मी सर्वाधिक बोलतो, कारण ती सर्वाधिक महाग पडते. साताऱ्याहून एक तरुण आपली येझदी टेम्पोत घालून माझ्याकडे घेऊन आला होता. दोन महिन्यांत त्याने तीन स्विच बदलले होते. गाडी थंड असताना चालू होत असे, पण हेडलाइट लावला की अडखळत असे आणि गरम झाल्यावर बंद पडत असे. तिन्ही स्विच त्याने पिशवीत घालून आणले होते आणि तिन्ही चांगले होते. दोष फ्यूजच्या घरात होता. फ्यूज धरणारी पितळी चाप हिरवी पडून सैल झाली होती आणि तिथल्या तिथे एक व्होल्टहून अधिक दाब खर्च होत होता. बारा व्होल्टच्या गाडीने एवढी गळती कदाचित सोसली असती. सहा व्होल्टच्या गाडीत मात्र हा सहावा हिस्सा झाला, आणि उरलेल्या दाबावर कॉइलला सशक्त ठिणगी देता येत नाही. बारीक पॉलिश पेपर, एक नवी चाप आणि अर्धा तास एवढ्यावर ती गाडी स्वतःच्या चाकांवर साताऱ्याला परत गेली.

माझी तपासणी ठरलेली आहे. प्लग काढून किक हळूहळू दाबत पॉइंट एकमेकांना टेकून बंद होतील अशा जागी इंजिन थांबवावे, कारण पॉइंट उघडे असतील तर करंट वाहत नाही आणि मीटर सर्व काही ठीक असल्याचे खोटेच सांगतो. मग किल्ली लावून हेडलाइटही चालू करावा. मीटरची लाल सुई थेट बॅटरीच्या धन टोकावर आणि काळी सुई कॉइलच्या 15 क्रमांकाच्या टोकावर ठेवावी. आकडा 0.3 व्होल्टच्या आत असेल तर मी वायरिंगच्या या भागाला हात लावत नाही. अर्ध्या व्होल्टच्या वर गेला तर लाल सुई जागेवर ठेवून काळी सुई मागे मागे आणतो : आधी स्विचवरचे 15, मग 30, मग फ्यूजची दोन्ही टोके. ज्या दोन जागांमध्ये आकडा एकदम घटतो, त्यांच्या मधल्या भागात दोष असतो. तो 15 आणि 30 यांच्यामध्ये सापडला तरच स्विच उघडायचा.

उघडल्यावरही तो लगेच फेकू नये. जुन्या स्विचातले पितळी संपर्क बहुतेक वेळा काळे पडलेले असतात, झिजलेले नसतात. मी हे काम स्टीलच्या ताटात, पांढरा पंचा अंथरून करतो, कारण आतल्या बारीक स्प्रिंगा उडतात आणि एक हरवली तरी काम तिथेच अडते. संपर्क साफ केले, स्प्रिंगचा ताण परत आला, की मूळ स्विच आजच्या बहुतेक स्वस्त नकलांपेक्षा जास्त टिकतो असे माझे ठाम मत आहे.

बारीक वायर वापरणे

नव्या स्विचबरोबर मिळणारी वायर पाहून मला चिंता वाटते. हिशेब सोपा आहे. 35 वॅटचा दिवा सहा व्होल्टवर जवळजवळ सहा अँपिअर ओढतो, कॉइल साधारण तीन-चार अँपिअर घेते, म्हणजे बॅटरीपासून स्विचपर्यंतच्या वायरीतून दहा अँपिअरच्या आसपास करंट वाहतो. अर्धा चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या दोन मीटर वायरीत एवढ्या करंटला सुमारे 0.7 व्होल्ट खर्च होतात, तर अडीच चौरस मिलिमीटरच्या वायरीत तोच खर्च 0.15 व्होल्टच्या आत राहतो. म्हणून बॅटरी ते स्विच मी अडीचची आणि कॉइल व हेडलाइटसाठी दीडची वायर वापरतो. जाड वायर हेडलाइटच्या घरात बसवायला वेळ लागतो, हे खरे आहे. तो वेळ द्यावा.

रंगावर विसंबून वायरी जोडणे

पन्नास-साठ वर्षांच्या गाडीत कारखान्यातले रंग शिल्लक राहिलेले नसतात. मधल्या काळात कुणीतरी घरगुती लाल-काळी वायर घातलेली असते, कुणी हॉर्नची वायर टेललाइटला वापरलेली असते. तरीही हौशी मंडळी जुना स्विच एका झटक्यात काढतात, सगळ्या वायरी मोकळ्या होतात, आणि मग मोबाइलवर कुठला तरी नकाशा उघडून रंग जुळवत बसतात.

सुरुवातीच्या काळात हीच घाई मी स्वतः केली आणि त्याची किंमत मोजली. या स्विचवर 15 च्या शेजारी 61 क्रमांकाचे टर्मिनल असते. चार्जिंगचा लाल दिवा 15 आणि 61 यांच्यामध्ये असतो, आणि 61 ची वायर थेट डायनॅमोकडे जाते. संध्याकाळच्या अंधुक उजेडात माझ्याकडून त्या दोन वायरींची अदलाबदल झाली. किल्ली लावताच कॉइलला त्या छोट्या लाल दिव्यातून येईल तेवढाच करंट मिळू लागला, म्हणजे ठिणगीची शक्यता संपली. दुसरीकडे डायनॅमोला मात्र कटआउटला (बॅटरीचा करंट उलटा डायनॅमोकडे जाऊ न देणाऱ्या भागाला) वळसा घालून बॅटरीचा पूर्ण दाब मिळाला. अशा वेळी डायनॅमो मोटरसारखा फिरू पाहतो, इंजिन त्याला फिरू देत नाही आणि करंट भरमसाट वाढतो. मी ठिणगी का नाही म्हणून प्लगकडे पाहत राहिलो, आणि तेवढ्यात हेडलाइटच्या घरातून धूर आला. फ्यूजने वाचवायला हवे होते, पण आधीच्या मालकाने फ्यूजच्या जागी तांब्याच्या तारा गुंडाळून ठेवल्या होत्या आणि मी ते तपासले नव्हते. डायनॅमोची वायर टोकापासून टोकापर्यंत जळाली आणि तिच्याबरोबर संपूर्ण वायरिंग किट गेले.

तेव्हापासून मी एकही वायर चिठ्ठी लावल्याशिवाय सोडत नाही. स्विचवर कोरलेला क्रमांक कागदी टेपवर लिहून प्रत्येक वायरीला चिकटवतो, दोन बाजूंनी फोटो काढतो, आणि मग वायरीचे दुसरे टोक खरोखर कुठे जाते हे मीटरवर पाहतो. फोटो काढणे पुरेसे नाही, कारण आधीची जोडणीच चुकीची असू शकते.

पहिल्यांदा किल्ली लावताना फ्यूजच्या जागी एक 21 वॅटचा इंडिकेटरचा बल्ब दोन वायरींनी जोडावा. किल्ली बंद असताना तो पेटला तर कुठेतरी वायर चेसिसला टेकते आहे. फक्त इग्निशन चालू केल्यावर तो मंद पेटला तर समजावे की कॉइल आणि पॉइंटमधून करंट जातो आहे. पूर्ण तेजाने पेटला तर तिथेच थांबावे. बल्ब जळणाऱ्या वायरीपेक्षा कितीतरी स्वस्त आहे. खात्री झाल्यावर पंधरा अँपिअरचा फ्यूज, बॅटरीच्या शक्य तितक्या जवळ बसवावा.

बाकीच्या चुका

काम सुरू करताना बॅटरीचे चेसिसला जोडलेले टोक आधी काढावे आणि सर्वांत शेवटी लावावे. जुन्या ब्रिटिश गाड्यांत हे टोक पुष्कळदा धन असते, तेव्हा गृहीत धरू नये, पाहावे.

किल्ली अडकते म्हणून स्विचमध्ये ग्राफाइटची पूड टाकू नये. दाराच्या कुलपाला ती चांगली असली, तरी ती वीजवाहक आहे आणि इथे कुलपाच्या खालीच संपर्क असतात.

वायरीला थिंबल (टोकाला बसणारा धातूचा जोड) लावताना ते चांगल्या क्रिंपिंग पकडीने दाबावे. सोल्डर केलेली वायर जोडाजवळ ताठ होते आणि गाडीच्या कंपनांनी नेमकी तिथेच तुटते. वायरी पिळून वर टेप गुंडाळणे ही जोडणीच नव्हे. उन्हात टेपचा गोंद वितळतो आणि पहिल्याच पावसात पाणी आत शिरते.

हेडलाइटचे घर परत बंद करण्यापूर्वी हॅंडल दोन्ही टोकांपर्यंत फिरवून पाहावे. वायर ताणली जात असेल किंवा कडीखाली चेपत असेल, तर एखाद्या दिवशी वळणावर इंजिन बंद पडेल.

इंजिन बंद पडल्यावर किल्ली चालू स्थितीत सोडू नये. पॉइंट बंद अवस्थेत राहिले असतील तर कॉइल तापत राहते आणि काही तासांत बॅटरी संपते.

लांबच्या प्रवासाला निघताना मी टूलबॉक्समध्ये एक मीटर लांबीची दीडची वायर ठेवतो. तिच्या एका टोकाला फ्यूज आणि दोन्ही टोकांना चिमटे असतात. वाटेत स्विचने दगा दिला तर कॉइलवरची 15 ची मूळ वायर काढून तिचे टोक टेपने झाकावे आणि बॅटरीच्या धन टोकापासून त्या जागी ही वायर लावावी. ठिणगी मिळते आणि घर गाठता येते. मात्र त्या प्रवासात किल्लीने इंजिन बंद होणार नाही, त्यासाठी चिमटा काढावा लागेल, आणि गाडी उभी केल्यावर तो काढायला विसरू नये.