तास्मान ग्लेशियर व्ह्यू: चढायचं वीस मिनिटं, पण बघायचं काय ते आधी वाचा

न्यूझीलंडच्या साउथ आयलंडला माउंट कूकपर्यंत पोचलात आणि हूकर व्हॅलीच्या १० किमी पायवाटेसाठी वेळ किंवा गुडघे नसतील, तर सरळ इकडे या, तास्मान ग्लेशियर (हिमनदी) वरून बघायच्या जागेवर. ट्विझेल गावाहून साधारण ६५ किमी, बराचसा रस्ता पुकाकी लेकच्या काठाने. पेट्रोल आणि खाणं ट्विझेललाच घ्या, माउंट कूक गावात सुपरमार्केट नाही. गावाच्या जरा अलीकडे तास्मान व्हॅली रोड फुटतो, तो ८ किमीवर जिथे संपतो तिथेच पार्किंग आहे, टॉयलेटही आहे. एन्ट्री फी वगैरे काही नाही.

पुढे पायऱ्याच पायऱ्या, तीनशेच्या वर! पर्वतीला १०३ आहेत ना, तर साधारण तीन पर्वत्या समजा. जाऊन येऊन ४० मिनिटं पुरतात. आमच्या सासूबाईंना सव्वा तास लागला, कारण दर वळणावर फोटो 😄 पण वर गेल्या त्या.

वाटेत ब्लू लेक्सची पाटी दिसते, तिकडे आधी वळू नका, उतरताना बघा. आणि तळी हिरवी दिसली तर रस्ता चुकला असं वाटून घेऊ नका. नाव पडलं तेव्हा ग्लेशियरचं पाणी यायचं म्हणून ती निळी होती, आता पावसाचं पाणी साठतं, त्यात शेवाळ होतं.

आता मुख्य गोष्ट. वर पोचल्यावर निम्मे लोक विचारतात, ग्लेशियर कुठाय? कारण आपल्या डोक्यात पांढराशुभ्र बर्फ असतो आणि समोर असतं दुधात राख कालवल्यासारखं राखाडी पाणी. तो रंग बर्फाने घासून पीठ केलेल्या खडकाचा. तलावाच्या पार टोकाला, डोंगराचाच भाग वाटावी अशी काळपट भिंत दिसते ना, तोच ग्लेशियर, वर दगडधोंडे पसरलेत म्हणून काळा. १९७० च्या आधी हा तलावच नव्हता हो, होता तो सगळा बर्फ. मग दोन्ही बाजूंच्या खरवडलेल्या उंच कडांकडे बघा, बर्फ कुठवर होता ते लगेच कळतं. तुम्ही उभे असता तो दगडांचा ढीगसुद्धा त्यानेच आणून टाकलेला.

पाण्यात हिमनग तरंगताना दिसले तर नशीब, रोज असतीलच असं नाही. २०११ च्या फेब्रुवारीत क्राइस्टचर्चला भूकंप झाला तेव्हा इथे सुमारे ३ कोटी टन बर्फ एकदम तुटून पाण्यात पडला होता.

डिसेंबर ते फेब्रुवारी त्यांचा उन्हाळा, रात्री नऊपर्यंत उजेड असतो, त्यामुळे बसवाले गेल्यावर संध्याकाळी सातला चढा, वर शांत मिळतं. जून ते ऑगस्ट पायऱ्यांवर बर्फ गोठतो, तेव्हा गुळगुळीत तळाचे बूट घालून येऊ नका. वारा मात्र बाराही महिने भन्नाट, टोपी उडाली की गेलीच. हवा गार लागली तरी सनस्क्रीन लावा, तिथलं ऊन फसवं आहे, माझं नाक दोन दिवस सोलत होतं. आणि पार्किंगमध्ये कीआ नावाचे हिरवे पोपट दिसले तर गाडीच्या काचा बंद करून जा, ते रबर कुरतडतात.

पाय अजून चालत असतील तर त्याच पार्किंगमधून तास्मान लेकच्या जेट्टीकडे वाट जाते, जाऊन येऊन तासभर, आणि तिकडे पायऱ्या नाहीत.