घराण्याचा शोध नव्यानं सुरू करताय? या चुका टाळा

दिवाळीत गावी गेलं, जुनी ट्रंक उघडली, की ‘यंदा सात पिढ्यांची वंशावळ पुरी करायचीच’ असं मनात येतं. बहुतेकांचा शोध इथेच अडतो. सात पिढ्या डोक्यात घेऊन तहसील कचेरीत गेलात, तर नेमका कोणता कागद मागायचा हेच सुचत नाही. त्यापेक्षा वहीत एका माणसाबद्दल एकच प्रश्न लिहा. मागच्या खेपेला मी एवढंच लिहिलं होतं: पणजीचं माहेर कुठलं?

आमच्या वंशावळीत तिचं नावच नव्हतं. ‘बायकांचं नंतर बघू’ ही फार जुनी आणि फार नुकसान करणारी चूक आहे, कारण अडलेली वाट पुष्कळदा त्यांच्याच नावानं सुटते. पणजोबा गेले तेव्हा आजोबा लहान होते. जुन्या सातबारा उताऱ्यावर त्यांच्या नावापुढे ‘अ.पा.क. आई’ आणि मग पणजीचं नाव आहे. अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालनकर्ता, सज्ञान न झालेल्या मुलाचं बघणारं माणूस. त्याच ओळीतला फेरफार क्रमांक धरून गाव नमुना ६ ची, म्हणजे जमीन कोणाकडून कोणाकडे गेली ते लिहिलेल्या फेरफार नोंदवहीची, नक्कल काढली. वारस नोंदीची वर्दी, म्हणजे खबर, पणजीच्या भावानं दिली होती, आणि त्याच्या नावापुढे ‘रा.’ लिहून गावाचं नाव! ती ओळ मी किती वेळा वाचली असेल, सांगता येत नाही. तेव्हा नुसता सातबारा काढून थांबू नका. सातबारा जमीन कोणाची ते सांगतो, ती त्याच्याकडे कशी आली ते फेरफार सांगतो.

जुने फेरफार शासनाच्या ‘आपले अभिलेख’ संकेतस्थळावर बघता येतात. तिथे नोंद दिसली नाही म्हणजे ती नाहीच, असं धरू नका. तहसीलच्या अभिलेख कक्षात अर्ज द्या. आजोबांनी सांगितलेला सर्व्हे नंबर आजच्या गट नंबराशी जुळत नसेल, तर मध्ये जमिनींचं एकत्रीकरण, म्हणजे तुकडे जोडून नवे गट पाडणं, झालेलं असतं. अशा वेळी एकत्रीकरणाचा ९(३), ९(४) चा उतारा मागायचा, त्यात जुना आणि नवा नंबर दोन्ही सापडतात. नोंद मोडी लिपीत असेल तर अंदाजानं वाचू नका, जाणकाराला दाखवा.

नाव जुळलं की माणूस मिळाला, असंही नाही. आपल्याकडे नातवाला आजोबांचं नाव ठेवतात. त्यामुळे रामा बाळू, बाळू रामा, पुन्हा रामा बाळू अशी साखळी चालते आणि दोन माणसं सहज एक होऊन बसतात. बायकोचं नाव, भावांची नावं आणि जमिनीचा नंबर यांतल्या दोन गोष्टी तरी जुळल्याशिवाय नाव पक्कं करू नका.

तारखांचंही तसंच. शाळेच्या दाखल्यावर १ जून ही जन्मतारीख असेल तर ती पुष्कळदा गुरुजींनी नाव घालताना अंदाजानं लिहिलेली असते. शके वर्षात ७८ मिळवायचे. नोंद जानेवारी ते गुढीपाडवा या काळातली असेल तर ७९.

नाशिकला किंवा त्र्यंबकेश्वरला उपाध्यांकडे जाताना ‘आम्ही पुण्याचे’ सांगून भागत नाही. येणाऱ्या घराण्यांची नावं लिहून ठेवलेल्या त्यांच्या वह्या आडनाव आणि मूळ गाव यांवरून लावलेल्या असतात, म्हणून आधी मूळ गाव पक्कं करा. कोल्हापूर-सांगलीकडचं घराणं असेल तर हेळवी, म्हणजे गावोगाव फिरून वंशावळी सांगणारे लोक, कोणत्या महिन्यात येतात ते भावकीत विचारून ठेवा. त्यांच्या चोपडीतली नावं कचेरीत मिळतीलच असं नाही.

आणि घरातली म्हातारी माणसं कागदांच्या आधी. ‘आपल्या घराण्याची माहिती सांग’ म्हटलं तर आजी गप्प बसते. जुना फोटो हातात द्या आणि विचारा, ‘आजी, ही कोण गं? हिला कुठं दिली होती?’ साल आठवत नसेल तर पानशेत फुटलं त्याच्या आधी की नंतर, ते विचारा. पानशेत १९६१ चं. मोबाइलवर आवाज टिपून घ्या. माझ्या वडिलांच्या आत्याशी असं बसायचं मी दोन वर्षं पुढं ढकललं, आणि ती गेली. पणजीला पाहिलेलं घरातलं ते शेवटचं माणूस.

यंदाच्या वहीत पुन्हा एकच प्रश्न आहे: पणजीच्या त्या भावाचं घर अजून त्या गावात आहे का?