पडीक भिंतीपुढे गवताचं चित्र: तीन आठवड्यांची कलाकृती कशी उभारावी

कलाकार ॲग्नेस डेनेस यांनी 1982 साली न्यूयॉर्कच्या मॅनहॅटनमधल्या भरावाच्या जमिनीवर दोन एकर गहू पिकवला. हीदर ॲक्रॉइड आणि डॅन हार्वी या कलाकार जोडीने 2007 साली लंडनच्या नॅशनल थिएटरचा मनोरा गवताने झाकला. इथे दिलेली रीत त्याच धर्तीची, पण चार फूट बाय तीन फूट फलकाएवढी. भिंतीला भोक पाडायचं नाही आणि काम संपल्यावर मागे काही उरत नाही, त्यामुळे जागामालकाची परवानगी मिळणं सोपं जातं. अर्जात फलक हलवण्याची तारीख आधीच लिहा.

जागा. दिवसाला तीन-चार तास ऊन आणि शंभर पावलांच्या आत पाणी हवं. पुलाखालच्या सावलीत गवत उगवतं, पण फिकट आणि लांबुडकं होऊन लोळतं. जिना किंवा बाहेर पडायची वाट अडवू नका.

साहित्य (एका फलकाला). 12 मिमी जाडीचं वॉटरप्रूफ प्लायवूड, त्यावर प्लास्टिकचा कागद, त्यावर गोणपाटाचे दोन थर. कडेने दर 10 सेंमीवर स्टेपल मारा. भिजवलेली चिकणमाती 16 किलो, त्यात दोन मुठी बारीक भुसा, म्हणजे वाळताना भेगा पडत नाहीत. मागे बिजागरीचे दोन पाय आणि प्रत्येक पायावर 15 किलो वाळूची पिशवी. पाणी प्यायलेला फलक 30 किलोच्या घरात जातो. उचलायला दोन माणसं लागतातच.

माती बरोबर आहे की नाही हे बघायला पेन्सिलीएवढी वळी करून बोटाला गुंडाळा. तुटली तर वाळू जास्त आहे.

बी. सव्वा किलो गहू, औषध न लावलेला. ग्रॅमला साधारण 25 दाणे धरले तर चौरस सेंटिमीटरला तीनेक दाणे पडतात. आधी 100 दाणे ओल्या फडक्यात उगवून बघा; 90 च्या खाली उगवले तर दुसरं बी आणा. 30 अंशांच्या वर पारा असेल तर गव्हाला बुरशी गाठते, तेव्हा बाजरी घ्या. दाणा बारीक असल्याने अर्धा किलो पुरे.

बी दहा-बारा तास भिजवा, निथळा आणि ओल्या कापडात दिवसभर ठेवा. पांढरा मोड एक-दोन मिलिमीटर दिसला की लगेच लावा. मोड वाढला की दाबताना मोडतो.

लावणी. माती गोणपाटात चोळून आठ मिमीचा थर द्या. कोरा ठेवायचा भाग खिळ्याने आखा, बाकी ठिकाणी दाणे पसरून तळहाताने दाबा. दाणा अर्धा मातीत, अर्धा बाहेर दिसला पाहिजे. उभ्या फलकावर पाती आधी पुढे येतात, मग वर वळतात, त्यामुळे खालचं गवत वरची कोरी जागा झाकतं. म्हणून आडव्या कोऱ्या रेघा 12 सेंमी आणि उभ्या 8 सेंमी रुंद ठेवा. बारीक नक्षीच्या वाटेला जाऊच नका, आठवड्यात तिचा पत्ता लागत नाही.

पहिले तीन दिवस फलक आडवाच ठेवा, ओल्या कापडाखाली. घाई करून उभा केला की दाणे मातीसकट घसरतात आणि मग उपाय नसतो. एका कोपऱ्यातलं रोप हळूच ओढून बघा. गोणपाट सोबत उचललं गेलं तर मुळं धरली आहेत. मग जमिनीशी 70-75 अंशांचा कोन होईल असा कलता उभा करा. अगदी सरळ उभ्या फलकावर पाणी थांबतच नाही.

या दिवसांत मुळांवर पांढरा कापूस दिसतो आणि लोक बुरशी समजून फलक फेकून देतात. फवारा मारा: मुळांचे केस, म्हणजे मुळांचेच बारीक तंतू, असतील तर चिकटून दिसेनासे होतात. बुरशी तशीच राहते आणि कुबट वास मारते. तेवढा भाग खरवडून काढा आणि हवा खेळू द्या.

पाणी. हाताने चालवायच्या फवारणी पंपाने बारीक फवारा, दिवसातून तीन-चारदा. वरचा तिसरा भाग सगळ्यात आधी वाळतो आणि तळ कुजतो, म्हणून निम्मं पाणी वरच्या भागालाच द्या. नळीची धार मारू नका, माती वाहून जाते. खाली ट्रे ठेवलात तर रोज रिकामा करा, नाहीतर डास होतात. कबुतरांपासून पहिला आठवडा जाळी बांधा, पण पाती चार बोटं झाली की काढा. ती जाळीतून बाहेर आली तर काढताना उपटतात.

उतरवणी. उभं केल्यावर दोन-तीन आठवड्यांत पाती पिवळी पडू लागतात. फलक तेव्हाच काढा. वाळलेलं गोणपाट पेट घेतं. स्टेपल उपसून गोणपाट, माती आणि गवत खतात टाका. वर्दळीच्या रस्त्याकडेचं गवत जनावरांना मात्र घालू नका. प्लायवूड पुसून वाळवलं की पुढच्या फलकाला चालतं.