शाळा अनुदान आलं? मग या चुका टाळा

मार्चचा तिसरा आठवडा लागला की माझा फोन सुरू होतो. "सर, लिमिट पडलंय पंचवीस हजारांचं. काय घ्यावं?" लिमिट म्हणजे शाळेच्या नावे मंजूर झालेली खर्चाची मर्यादा. केंद्रप्रमुखपदावरून निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, पण हा प्रश्न काही निवृत्त होत नाही. पैसे उशिरा येतात हे मान्य, त्यावर मीही नोकरीभर कुरकुर केली. पण काय घ्यायचं ते ठरवायला पैसे कशाला लागतात? ते जुलैतच ठरायला हवं होतं.

नव्याने प्रभार घेतलेल्यांसाठी आधी थोडक्यात. 2018-19 पासून सर्व शिक्षा अभियान, माध्यमिक शिक्षा अभियान आणि शिक्षक प्रशिक्षणाची योजना एकत्र करून समग्र शिक्षा झाली. खर्चात केंद्राचा वाटा 60 टक्के, आपल्या राज्याचा 40. पूर्वी शाळा अनुदान वेगळं, देखभाल दुरुस्ती वेगळी, शिक्षकाला साहित्यासाठी वर्षाला 500 रुपये वेगळे असायचे. आता शाळेला मिळतं ते संयुक्त अनुदान, आणि ते पटावर ठरतं: तीसपर्यंत पट असेल तर 10,000, शंभरपर्यंत 25,000, अडीचशेपर्यंत 50,000, हजारापर्यंत 75,000 आणि त्यापुढे एक लाख. त्यातले किमान दहा टक्के स्वच्छतेवर. ग्रंथालय आणि क्रीडा अनुदान वेगळं, प्राथमिकला प्रत्येकी 5,000. रक्कम फार नाही. म्हणूनच चुकलं की जास्त टोचतं.

पोरं वर्गात, पण पोर्टलवर नाहीत

ही चूक मी इतक्यांदा पाहिली आहे की आता नुसता "ड्रॉपबॉक्स" शब्द ऐकला तरी डोकं दुखतं.

माझ्या केंद्रातली एक वस्तीशाळा. हजेरीवर 33 मुलं. त्यांतली चार वीटभट्टीवर आलेल्या दोन कुटुंबांची, शेजारच्या तालुक्यातून आलेली. मुलं रोज येत होती, पहिल्या रांगेत बसत होती, खिचडी खात होती. पण यू-डायस प्लसवर, म्हणजे शाळांची आणि मुलांची माहिती भरायच्या सरकारी पोर्टलवर, ती अजून जुन्या शाळेतच होती. जुन्या शाळेने 'शाळा सोडली' अशी नोंद केल्याशिवाय मूल ड्रॉपबॉक्समध्ये (शाळा सोडलेल्या मुलांच्या पोर्टलवरच्या यादीत) येत नाही, आणि ड्रॉपबॉक्समधून आपण ओढून घेतल्याशिवाय ते आपल्या पटावर येत नाही. दोघांचं ऐकलं तर जुने गुरुजी म्हणत होते, "ते मागणी पाठवत नाहीत," आणि आमचे गुरुजी म्हणत होते, "ते सोडत नाहीत." एकाच्या जन्मतारखेत आधार आणि दाखल्यात घोळ, तोही कुणी सोडवला नाही. तालुक्याने माहिती अंतिम केली तेव्हा पट होता 29.

पुढच्या वेळी शाळेला आले दहा हजार. पंचवीस यायचे होते. गुरुजी गट साधन केंद्रात जाऊन भांडले, मला घेऊन गेले, मीही भांडलो. लेखा सहायकाने संगणकाचा पडदा आमच्याकडे फिरवला आणि विचारलं, "सर, हे तुम्हीच प्रमाणित केलंय ना?" त्या तक्त्यावर माझीही सही होती. शाळेची हजेरी न बघता केलेली. त्यानंतर मी तक्त्यावर डोळे झाकून सही केली नाही.

गंमत अशी की संचमान्यतेसाठी 30 सप्टेंबरचा पट सगळ्यांना तोंडपाठ असतो, कारण त्यावर शिक्षकाचं पद टिकतं. अनुदान मात्र आपल्या खिशात येत नाही, मग त्याचा पट कोण मोजतो?

माझी सवय सांगतो, पद्धत वगैरे नव्हे. सप्टेंबरच्या पहिल्या शनिवारी, अर्धी शाळा सुटली की हजेरीपट आणि पोर्टलवरून छापलेली यादी शेजारी शेजारी ठेवायची. एकाने हजेरीतलं नाव मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने यादीवर लाल टिंब करायचं. मनातल्या मनात वाचलं की डोळा नाव गाळतो. जे नाव टिंबाशिवाय राहील त्याच्या जुन्या शाळेच्या मुख्याध्यापकांना त्याच दिवशी फोन. कार्यालयाला पत्र नंतर लिहा. आधी माणसाशी बोला. तीस आणि शंभरच्या काठावर असलेल्या शाळांनी तर ही यादी दोनदा लावावी.

तीन कोटेशनं, एकच हात

दुसरी चूक माझ्या खास रागाची, कारण ती आळसातून होते आणि दिसते मात्र चोरीसारखी.

एका शाळेने लोखंडी कपाट आणि चार खुर्च्या घेतल्या. दुकानदार म्हणाला, "सर, तुम्ही कशाला त्रास घेता, बाकीची दोन कोटेशनं मीच आणून देतो." आणून दिली. तीन गावांतली तीन दुकानं, तीन वेगळे लेटरहेड. लेखापरीक्षणाला आलेले गृहस्थ वयस्कर होते, बोलायचे कमी. त्यांनी तिन्ही कागद टेबलावर ओळीने मांडले आणि पेन्सिलने तीन ठिकाणी गोल केला. तिन्हींवर 'खूर्ची'. एकच चूक, एकच टंक, ओळीही तिथेच तुटलेल्या. मग त्यांनी जीएसटी क्रमांक पाहिले. 27 हा महाराष्ट्राचा आकडा तिन्हींवर असणारच, पण दोन कागदांवर पुढचे सगळे आकडे आणि अक्षरंही तीच. शेवटी त्यांनी शाळा व्यवस्थापन समितीच्या इतिवृत्ताची वही मागवली. खरेदीचा ठराव ज्या तारखेचा होता ती निघाली धुळवड. शाळेला सुट्टी, आणि ठरावाखाली अकरा सह्या.

कपाट शाळेत उभं होतं. चांगलं होतं, आजही वापरात आहे. पैसाही कुणी खाल्ला नव्हता, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो. पण कागदावर त्या मुख्याध्यापिकाबाई अफरातफर केल्यासारख्या दिसत होत्या. आक्षेप लागला, वसुलीचं पत्र निघालं, आणि खुलासे करता करता त्यांचं निवृत्तीचं वर्ष गेलं. दुकानदाराला कुणी एक फोनही केला नाही.

"पण सर, वेळ नसतो." हे उत्तर मला तरुण शिक्षकांकडून फार ऐकायला मिळतं. तालुक्याच्या बाजारात तीन दुकानं फिरायला दीड तास लागतो. मी नेहमी व्यवस्थापन समितीतला एक पालक सोबत घ्यायचो, शक्यतो बाई, कारण भाव करायला त्या माझ्यापेक्षा तयार. कोटेशन दुकानातच लिहून घ्यायचं, तारीख आपल्यासमोर टाकायला लावायची. तुलनात्मक तक्ता त्याच संध्याकाळी. किती रकमेवर दरपत्रकं लागतात ते जिल्ह्याकडून आलेल्या पत्रात असतं. ते पत्र वाचा, शेजारच्या शाळेला विचारू नका. शेजारच्या शाळेने तुम्हाला विचारून केलेलं असतं.

आणि ठराव ज्या दिवशी बैठक त्या दिवशीच लिहा. शिक्षण हक्क कायद्याने समितीत 75 टक्के पालक आणि निम्म्या महिला ठेवल्या आहेत त्या घरी वही पाठवून सह्या घेण्यासाठी नव्हे. वर्षभराची इतिवृत्तं एकाच पेनाने, एकाच उताराच्या अक्षरात लिहिलेली असली की लेखापरीक्षकाला वाचावीही लागत नाहीत.

भिंत बोलते, पोरगं बोलत नाही

ही चूक लेखापरीक्षकाला सापडत नाही, म्हणून ती सगळ्यात टिकाऊ आहे.

2015 मध्ये 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' हा राज्याचा कार्यक्रम आला आणि बोलक्या भिंतींची लाट आली. फरशीवर चौदाखडी, खांबावर पाढे, जिन्याच्या पायरीवर महिने. काही शाळांत त्याने खरंच शिकणं हललं, कारण तिथल्या बाई रोज त्या फरशीवर मुलांना घेऊन बसायच्या. बाकीच्यांनी रंग उचलला, बसणं राहिलं. रंगाचा फोटो निघतो, व्हॉट्सॲपच्या गटात टाकता येतो, साहेब शाबासकीचा अंगठा पाठवतात. तिसरीतलं पोरगं उतारा समजून वाचायला लागलं याचा फोटो कसा काढणार? केंद्राच्या निपुण भारत मोहिमेने मात्र नेमकं तेच मागितलं आहे: 2026-27 पर्यंत तिसरीअखेर प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं, हिशेब यावा.

मी एका शाळेत गेलो होतो, दारावर मोर, भिंतीवर सूर्यमाला, शनीला कडीसुद्धा. आणि वीज तोडलेली. थकबाकी. संगणकावर झाकण. संयुक्त अनुदानातून वीजबिल भरता येतं, पाणी, इंटरनेट, संडासाची दुरुस्ती, प्रयोगाचं साहित्य सगळं करता येतं, हे त्या शाळेत कुणाला माहीतच नव्हतं. आधी बिल भरा. मग मोर काढा.

ग्रंथालयाच्या पाच हजारांचंही तेच. विक्रेता संच घेऊन येतो, शंभर पुस्तकं, वर सवलत. उघडून बघा: बारीक टाइपातली थोरांची चरित्रं, दुसरीच्या मुलाला काय करायची? मी खरेदीला जाताना तिसरीतली दोन मुलं घेऊन जायचो, एक वाचणारं आणि एक अडखळणारं. पुस्तक उघडून अडखळणाऱ्याच्या हातात द्यायचं. पहिलं पान संपवून त्याने आपण होऊन पान उलटलं की ते पुस्तक घ्यायचं. प्रथम बुक्सच्या पुस्तकांवर पहिली ते चौथी अशी वाचनपातळी छापलेली असते, त्याने काम सोपं होतं. नॅशनल बुक ट्रस्टची पुस्तकंही स्वस्त पडतात. दोन मुलांना एस. टी. ने नेणं-आणणं म्हणजे फार तर अर्धा दिवस. पालकांना विचारून न्या एवढंच.

बाकीच्या, पटापट

खिशातून खर्च करून नंतर "माझ्या खात्यात घ्या" म्हणू नका. शाळेचं खातं शून्य शिलकीचं आहे, पैसा थेट विक्रेत्यालाच जातो.

बिल दुकानाच्या नावाचं आणि खातं मालकाच्या नावाचं असलं की पैसे परत येतात, आणि परत आलेले पैसे मार्चमध्ये सापडत नाहीत.

पीएफएमएसवर (सरकारी पैसे देण्याच्या ऑनलाइन प्रणालीवर) मेकर, म्हणजे बिल भरणारा, आणि चेकर, म्हणजे ते तपासून मंजूर करणारा, दोन्ही लॉगिन एकाच माणसाने वापरायचे असतील तर दोन कशाला ठेवले?

पीपीए, म्हणजे पैसे देण्यासाठी बँकेला द्यायचा छापील आदेश, छापून कपाटात ठेवू नका. त्याला मुदत असते. बँकेत त्याच दिवशी द्या, पोच घ्या.

31 मार्चनंतर लिमिट उरत नाही. "एप्रिलमध्ये बघू" म्हणणारा मला दरवर्षी एक तरी भेटतो.

स्वच्छतेचे दहा टक्के म्हणजे फिनेलचे वीस कॅन नव्हे. मुलींच्या संडासाची कडी आधी बघा.

वस्तू आली की आधी साठा नोंदवही, मग बिल. बिलावर नोंदवहीचं पान क्रमांक टाका.

आणि पीएम श्रीसाठी (निवडक शाळा आदर्श करण्याच्या केंद्राच्या योजनेसाठी) "कुणाची ओळख आहे का" असं विचारणाऱ्यांनो, त्यात एका विकास गटातून जास्तीत जास्त दोन शाळा घेतात, यू-डायसच्या माहितीवरून आणि जागेवर पडताळून. अर्जात सगळीकडे 'होय' भरून पाठवलेल्या एका शाळेत मी पडताळणीला गेलो होतो. अर्जावर खेळाचं मैदान होतं, जागेवर सोयाबीन होतं.

शेवटची चूक बदलीच्या वेळची. प्रभार यादीत कपाटाच्या किल्ल्या लिहितात, लॉगिनचा मोबाइल क्रमांक बदलायचं विसरतात. एका 30 मार्चला संध्याकाळी सात वाजता आम्ही पाच जण संगणकाभोवती उभे होतो आणि ओटीपी जात होता जुन्या मुख्याध्यापकांच्या फोनवर. ते भाचीच्या हळदीला, बँड जोरात. तिसऱ्यांदा त्यांनी फोन उचलला आणि ओरडून सहा आकडे सांगितले. आम्हाला पाचच ऐकू आले.